सूतभरकाकांचं कुलूप

१. खाली सही माझी

सूतभरकाकांना ज्या कागदाच्या जोरावर घरी पाठवलं, त्या कागदावर खाली सही माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी फार हुशारी केली असं वाटलंच, तर तुम्ही मला वेळीच जमिनीवर आणाल.

कागदावर दोनच वाक्यं होती. "संगणकात कोणताही दोष आढळला नाही. मशीन सुरू होऊ नये यासाठी कोणी जाणूनबुजून काही केले असण्याची शक्यता नाकारता येत नाही." दुसरं वाक्य पुन्हा वाचा. त्यात कुणाचं नाव नाही, आरोप नाही आणि पुरावा तर औषधालाही नाही. असं वाक्य लिहिणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात आणि ज्याच्यावर ते जाऊन पडतं त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मी जुने संगणक दुरुस्त करते. कारखान्यांमध्ये असे पुष्कळ असतात. मशीन असतं चाळीस वर्षं टिकेल असं, आणि ते चालवणारा संगणक पंधरा वर्षांतच म्हातारा होतो. मग माझी आठवण होते. सव्वीस वर्षांत मी एकही काम 'जमत नाही' म्हणून परत पाठवलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी चारचौघांत गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा सांगत असे.

सूतभरकाका एका कार्यशाळेत होते. तिथे कृत्रिम पाय बनतात. माणसाच्या उरलेल्या पायाचं माप घेऊन संगणकात भरायचं, की मशीन प्लास्टरच्या ठोकळ्यातून तसाच आकार कोरून काढतं. त्या साच्यावर मग उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी घडवतात. काका हे मशीन एकोणीस वर्षं चालवत होते. त्याआधी ते सुतार होते, म्हणून मिलिमीटरच्या जमान्यातही ते सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजायचे. कुणाचा साचा चुकला की म्हणायचे, "काही नाही, सूतभर चुकलं." बोटभर चुकला तरी सूतभरच. समोरच्याला लाज वाटू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

त्यांना घरी पाठवून तीन आठवडे झाले होते, तेव्हा मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, तो माणूस मशीनला कुलूप लावून गेलाय! तो गेल्यापासून एकदाही सुरू झालं नाही. एकदाही! आता तुम्हीच या आणि ते कुलूप शोधा."

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. म्हणजे मी लिहिलं ते चुकीचं नव्हतं तर.

२. वही

कार्यशाळेच्या बाकावर एक शिक्षिका बसल्या होत्या. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. त्यांचं माप महिनाभरापूर्वीच घेऊन झालं होतं. मला पिशवीसकट आत जाताना पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही ते सुरू करणाऱ्या का?" मी हो म्हटलं आणि भराभर पुढे गेले.

मशीनची खोली मला पाठ होती. सात महिन्यांपूर्वी तिथल्या संगणकाचा मुख्य बोर्ड जळाला, तेव्हा नवा मीच बसवला होता. मशीनचं कार्ड जुन्या पद्धतीच्या खाचेतच बसतं आणि त्याचा प्रोग्रॅम जुन्याच ऑपरेटिंग सिस्टमवर चालतो. तशी खाच असलेला एक बोर्ड मी शोधून आणला. त्याचा प्रोसेसर आधीच्यापेक्षा कितीतरी पट वेगवान होता. ऐन उन्हाळा, त्यात खोलीचा एसी दुरुस्तीला गेलेला. चार तास घाम पुसत मी डिस्क भरत बसले होते. शेवटी संगणक बंद करून चालू केला, तो झाला. पुन्हा केला, पुन्हा झाला. मी सामान आवरलं.

आठवडाभरात तक्रार आली की कधी सुरू होतं, कधी होत नाही. मी तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा काका हजर होते आणि तिन्ही वेळा मी पोचेपर्यंत मशीन सुरळीत सुरू झालेलं होतं. चौथ्यांदा गेले तेव्हा काका रजेवर होते. त्या दिवशी पडद्यावर एक काळा चौकोन आला: सिस्टमच्या संरक्षणात चूक झाली आहे, संगणक पुन्हा सुरू करा. मी वायरी बदलल्या, मेमरी बदलली, डिस्कसुद्धा बदलून पाहिली. तरी तेच. दुसऱ्या दिवशी काका आले आणि मशीन सुरू झालं. त्यावर मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं आणि मी कागद मागवला.

आता तोच काळा चौकोन पुन्हा समोर होता. मॅनेजरनं मशीनची वही पुढे सरकवली. रोज कोण हजर, मशीन किती वाजता सुरू, सगळं तिच्यात होतं.

"बघा मॅडम. सात महिन्यांत तो अकरा दिवस रजेवर. त्यातले नऊ दिवस मशीन बंद. तो आला की लगेच चालू. योगायोग म्हणायचा का हा?"

"पण त्यांनी असं का करावं?"

"दोन महिन्यांत निवृत्त होणार होता. त्याच्या जागी नवा ऑपरेटर मी आधीच घेतला. याला दाखवायचं होतं की माझ्यावाचून तुमचं पान हलत नाही. एवढी साधी गोष्ट आहे."

एवढी साधी गोष्ट मलाही पटली होती. मी डिस्क काढली आणि दुकानातून बरोबर आणलेल्या माझ्या प्रतीशी ताडायला लावली. कुलूप असेल तर ते फायलींतच असणार. तासाभरानं निकाल समोर आला. रोजची मापं वगळली तर एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

त्या संगणकात काही बदल करणारी शेवटची व्यक्ती मीच होते.

३. गाठोडं

कुलूप नाही म्हटल्यावर माझी झोप उडायला हवी होती. पण माणूस स्वतःला सोडून सगळीकडे शोधतो. मी नव्या ऑपरेटरला बाजूला घेतलं.

चाळिशीचा, नीटनेटका माणूस. रोज संध्याकाळी जाताना खोली स्वच्छ करून जातो, सकाळी आला की खटका दाबतो. संगणकातला तारीख-वेळ सांभाळणारा छोटा सेल संपला होता, त्यामुळे सुरुवातीलाच 'तारीख चुकली आहे, एखादी कळ दाबा' असं म्हणून तो थांबायचा. हा कळ दाबायचा आणि काळा चौकोन यायचा. तो सेल बदलून देण्याचं मी तीनदा कबूल केलं होतं.

"मॅडम, खरं सांगू? मी काकांना विचारलं होतं. म्हटलं, तुमच्या हाताला असं काय आहे ते मलाही शिकवा की."

"मग?"

"हसले. म्हणाले, मी काही करत नाही रे, तिला जरा वेळ देतो." तो खांदे उडवून म्हणाला, "जाऊ द्या. सांगायचं नसेल. मला राग आला होता, आणि ते वाक्य मी साहेबांच्या कानावर घातलं. घालायला नको होतं बहुतेक."

म्हणजे या पापात मी एकटी नव्हते. त्यानं फारसा दिलासा मिळाला नाही.

मग झाडलोट करणाऱ्या मावशी. त्या बोलायलाच तयार नव्हत्या. बादली जोरात आपटून म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलंत ना ते? आता काय आणखी लिहायचंय?"

"मावशी, वही बघा. काका रजेवर असतानाही दोन दिवस मशीन सुरू झालंय. आणि एक दिवस ते हजर असूनही झालेलं नाही. हे तीन दिवस मला समजत नाहीयेत."

वहीतल्या तारखांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, पण तिन्ही दिवस त्यांना आठवत होते. राबणाऱ्याला दिवस कामावरून आठवतात.

"ते दोन दिवस? तेव्हा एसी गळत होता. बंद ठेवला होता, नि मी पाणी पुसून पुसून मेले. भट्टी झाली होती नुसती खोलीची. आणि तो एक दिवस..." त्यांनी पदराला हात पुसले. "तो माझ्यामुळेच असेल तर ठाऊक नाही. त्या दिवशी मी त्यांचं कव्हर धुवायला घेतलं होतं. ओलं होतं, वाळत टाकलेलं. काका म्हणाले, असू दे, एक दिवस चालेल."

"कसलं कव्हर?"

"त्यांचं आपलं. घरून शिवून आणलेलं. जाताना बगलेत मारून घेऊन गेले ना, हे एवढं गाठोडं! साहेब म्हणत होते, त्यात काय नेलं तपासा. मी म्हटलं, आधी माझी झडती घ्या."

मॅनेजरनं काचेआडून आमच्याकडे पाहिलं. मी वही मिटली. काकांच्या घरचा पत्ता मावशींनी तोंडीच सांगितला.

४. बूट

दार काकांच्या मुलीनं उघडलं. तिनं मला ओळखलं नाही, मग ओळखलं.

"तुम्हीच का त्या?"

"हो."

"आत या म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते."

काका खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग आणि पायात लेसचे बूट. घरात!

"रोज आठ वाजता तयार होतात," मुलगी म्हणाली. "मग बसतात."

मला बसवेना. मी उभ्यानंच सांगितलं की मशीनची चौकशी करायला आले आहे. काकांनी मान हलवली. "तुमची सही पाहिली मी, बाई. अक्षर छान आहे तुमचं." त्यात टोमणा असता तर मी सोसला असता. तसा तो नव्हता.

"काका, तुम्ही मशीनला काही केलं होतं का?"

"तेच आठवतोय तीन आठवडे. काही केल्याचं आठवत नाही. पण मी असलो की चालतं आणि नसलो की नाही. म्हणजे मीच काहीतरी करत असणार ना? माझ्या नकळत." त्यांनी तळहात उलटेपालटे करून पाहिले. "साहेबांना माफीचं पत्र दिलंय. कशाबद्दल माफी ती जागा रिकामी ठेवली. म्हटलं, सापडलं की तुम्हीच भरा."

मुलगी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. मी खिशातला रुमाल काढला आणि पुन्हा आत ठेवला. रडायचा हक्क त्या घरात माझा नव्हता.

"काका, एक कराल? सकाळी कामावर गेल्यापासून मशीन सुरू होईपर्यंत जे जे करता, ते इथेच करून दाखवा. बोलू नका, नुसतं करा."

त्यांना ते आवडलं. लगेच उठले. खुर्ची म्हणजे मशीन आणि टेबल म्हणजे संगणक असं त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसलं. हवेतच एक खटका दाबला. मग मागे वळून कपाटावरचं गाठोडं काढलं आणि उलगडलं. जुन्या रजईचं, दुहेरी शिवलेलं, जाडजूड कव्हर. ते त्यांनी टेबलावर पसरलं आणि चारी कोपरे नीट खाली ओढले. मग अदृश्य ब्रशनं खुर्चीवरची अदृश्य धूळ झाडू लागले. कोपरा न् कोपरा. बराच वेळ. मग कव्हर काढलं, घडी घातली आणि वाकून एक कळ दाबली.

"झालं. सुरू."

"थांबा, थांबा. आधी खटका आणि मग कव्हर?"

"हो. तेलाचा पंप आणि संगणक एकाच खटक्यावर आहेत. पंपाला वीस मिनिटं फिरू द्यावं लागतं. तेवढ्यात मी झाडून घेतो. कोपऱ्यात प्लास्टरची धूळ असते, ती उडते, आणि संगणकाचा पंखा ती आत ओढतो. म्हणून पांघरूण घालतो त्याला. जुना होता तेव्हापासूनच घालतोय."

"आणि वीस मिनिटं तो 'कळ दाबा' म्हणून तसाच चालू? रजईखाली?"

"तसाच. चुकतं का काही?"

मी आता बसले. मला सगळं कळलं होतं. सर्वांत आधी हे कळलं, की ते मला सात महिन्यांपूर्वीच कळायला हवं होतं.

"काका, ही रजई मला दोन दिवस द्याल?"

५. वीस मिनिटं

मॅनेजर, ऑपरेटर आणि मावशी अशा तिघांना मी मशीनच्या खोलीत उभं केलं. एसी चालू होता. मी खटका दाबला, लगेच कळ दाबली. काळा चौकोन.

मग सगळं बंद करून पुन्हा खटका दाबला आणि संगणकावर रजई पसरली. मॅनेजर घड्याळाकडे बघू लागला. दहा मिनिटांनी त्यानं विचारलं, "मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?" वीस मिनिटं झाली. मी रजईच्या आत हात घातला, पेटी इस्त्रीइतकी तापली होती. रजई काढली, कळ दाबली.

सिस्टम सुरू झाली. तिच्यामागे मशीनचा प्रोग्रॅमही आला.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या.

"सापडलं कुलूप!" मॅनेजर ओरडला. "रजईत काय आहे? उसवा ती!"

"रजईत कापूस आहे," मी म्हणाले. "ऐका."

मी त्यांना सांगितलं ते असं. ही जुनी सिस्टम सुरू होताना आधी प्रोसेसरचा वेग मोजते. त्याला ठरावीक फेऱ्या मारायला लावते, किती वेळ लागला ते घड्याळात बघते, आणि फेऱ्यांना त्या वेळानं भागते. ज्यांनी ही सिस्टम बनवली त्या मंडळींच्या काळात प्रोसेसर बैलगाडीच्या वेगाचे. घड्याळाचा एक ठोका पडायच्या आत कुणी सगळ्या फेऱ्या संपवील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. मी बसवलेला प्रोसेसर तेवढ्यात संपवतो. मग सिस्टम घड्याळ बघते तर वेळ शून्य. शून्यानं भागायला गेली की ती तिथेच कोसळते आणि संरक्षणात चूक झाली म्हणून ओरडते.

"पण मग काकांच्या हातानं...?" ऑपरेटरनं विचारलं.

"हा प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच धीमा होतो. रजईखाली वीस मिनिटं कोंडला की तापतो, रेंगाळतो. एक ठोका पडतो. भागाकार जमतो. एकदा सुरू झालं की मग दिवसभर काही अडचण नाही, कारण ही मोजणी सुरुवातीलाच एकदा होते. एसी बंद होता त्या दोन दिवसांत खोलीच भट्टी होती, म्हणून काकांवाचूनही चाललं. रजई वाळत होती त्या दिवशी काका असूनही चाललं नाही. आणि मी बोर्ड बसवला तो उन्हाळ्यातला दिवस, एसी नाही, चार तास चालून तापलेला संगणक. म्हणून तेव्हा माझ्यासमोर चाललं."

ऑपरेटर हळूच म्हणाला, "तिला जरा वेळ देतो."

"आणि मी तो छोटा सेल कबूल केल्याप्रमाणे बदलला असता," मी म्हणाले, "तर संगणक कळीसाठी थांबलाच नसता. काकांच्या हातूनही सुरू झाला नसता. मग दोष माझ्या कामात आहे हे पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं."

मॅनेजरला त्याचं फारसं पडलेलं नव्हतं. "यावर उपाय?"

मी पिशवीतून एक डिस्क काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'जुनी सिस्टम, वेगवान प्रोसेसर. सुरुवातीची दुरुस्ती.' सिस्टमच्या ज्या फायली हा भागाकार करतात, त्यांच्या जागी फेऱ्या वाढवलेल्या दुरुस्त फायली टाकायच्या. दहा मिनिटांचं काम. ही डिस्क सात महिन्यांपूर्वी त्या दिवशीही याच पिशवीत होती. माझ्या कामाच्या यादीत तिच्यापुढे 'झाले' अशी खूणही आहे. संगणक आपणहून सुरू झाला म्हटल्यावर मी ती बाहेर काढलीच नाही. चालत्या कामाला हात लावायचा नाही, हा माझ्या दुकानाचा नियम. खूण मात्र केली.

फायली टाकल्या, सेल बदलला, संगणक बंद करून एसीखाली पुरता थंड होऊ दिला. खटका दाबला. न तापता, न थांबता तो सुरू झाला.

मॅनेजरनं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

६. दुसरा कागद

"मॅडम, हे आपल्यातच राहू द्या. कुलूप होतं, ते तुम्ही काढलं, एवढंच लिहून द्या. तुमचं नाव राहील, माझा निर्णयही बरोबर ठरेल. नाहीतरी तो दोन महिन्यांत जाणारच होता."

खरं सांगते, मला क्षणभर मोह झाला. सव्वीस वर्षं. एकही काम परत नाही. आणि काकांनी तर माफी आधीच लिहून दिलेली, फक्त एक जागा भरायची होती. मी काय लिहीन तेच तिथे बसलं असतं, आणि त्या भल्या माणसानं ते खरंही मानलं असतं. शेवटपर्यंत बूट घालून खिडकीशी बसून, नकळत आपण केलं कसं याचा विचार करत राहिला असता.

"ते माफीचं पत्र आहे ना तुमच्याकडे?" मी म्हणाले. "मला द्या."

त्यानं खणातून काढून दिलं. रिकामी जागा दीड ओळीची होती. मी ते चार घड्या घालून पिशवीत टाकलं.

"आणि पहिला कागद तुम्ही कुठे वाचला होता?"

"चहाच्या वेळी. सगळ्यांसमोर." तो चिडला. "का? पुन्हा तमाशा करायचाय?"

"आता दुसरा कागद येईल. तो तुम्ही वाचू नका. मी वाचते. नाहीतर बाहेर बाकावर बसलेल्या बाईंपासून सुरुवात करून एकेकाला सांगत सुटेन."

त्यानं खण धाडकन बंद केला. मग म्हणाला, "उद्या. चहाच्या वेळी."

दुसऱ्या दिवशी काका मुलीबरोबर आले. प्लास्टर धुण्याच्या हौदापाशी सगळे जमले होते, हातात कप घेऊन. शिक्षिकाबाई दारातूनच बघत होत्या. मी कागद काढला. या वेळी मी तो अशा भाषेत लिहिला होता जिच्यात लपायला जागा नसते.

"संगणकात दोष होता. तो मी ठेवला होता. दुरुस्ती माझ्या पिशवीत असून मी केली नाही आणि केली अशी खूण मारली. पुढे कारण सापडेना, तेव्हा 'मला जमत नाही' असं लिहिण्याऐवजी मी एका निर्दोष माणसावर संशय लिहिला. मशीन इतके महिने चाललं ते फक्त त्यांच्या काळजीमुळे चाललं."

मॅनेजरनं घसा खाकरला आणि काकांकडे न बघता म्हणाला, "तुम्ही आजपासून या." ऑपरेटर पुढे झाला, मशीनसमोरची आपली खुर्ची त्यानं मागे ओढली आणि बाजूला उभा राहिला.

काकांनी खटका दाबला. सवयीनं रजईसाठी हात मागे गेला, मग थांबला. पंपाचा आवाज सुरू झाला. संगणक आपला आपण सुरू झाला. काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका," मी म्हणाले, "माझी चूक झाली."

ऑपरेटरच्या चेहऱ्यावर हसू आलं, मावशींच्याही. एकोणीस वर्षं या जागेत चूक झाली की पुढे काय म्हणतात ते सगळ्यांना पाठ होतं. मलाही होतं. मी तेवढ्यासाठी थांबले होते, हे नाकारत नाही.

काकांनी रजईची घडी उगाच पुन्हा नीट केली.

"हो, बाई," ते शांतपणे म्हणाले. "आणि ही सूतभर नव्हती."

मग त्यांनी दारातल्या शिक्षिकाबाईंना आत बोलावलं आणि त्यांच्या मापाचा कागद उजेडात धरला. मी माझी पिशवी उचलली.